टपालाने कवायत

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्या गृहस्थांनी मला विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

मला वाटलं, साधी चौकशी करताहेत. मी म्हटलं, "चहा आणि चपाती."

"कुठे बसून?"

"अं?"

"चहा-चपाती कुठे बसून खाल्लीस? चुलीजवळ, दारात, की चालता चालता?"

अंबरनाथच्या घरून निघायला उशीर झाला होता, म्हणून चपातीची गुंडाळी करून ती स्टेशनपर्यंत चालत खाल्ली होती. सांगायची लाज वाटली, तरी सांगितलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली, माझं नाव न विचारता 'क्लार्क मुलगी, चालता चालता' असं लिहिलं आणि निघून गेले. टाइपरायटर कुठे, काम काय, एक शब्द नाही. मला वाटलं, हे एक तर डॉक्टर असावेत किंवा वेडे. पुढे चार वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. दोन्हीपैकी नक्की काय, ते माझं शेवटपर्यंत ठरलं नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचा पोस्टल क्लास होता. ज्यांची शाळा सुटली पण दहावी मनातून सुटली नाही, अशा मुलामुलींसाठी. शाळेत न जाता दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागे. आम्ही दर पंधरा दिवसांनी धडे सायक्लोस्टाईल करून टपालाने पाठवायचो, मुलं उत्तरं लिहून परत पाठवायची. उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईला बसणारे मुलगे, घरात पापड लाटणाऱ्या मुली, बदलापूरच्या आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या पोरी. सगळी पंधरा ते अठरा वर्षांची. आम्ही त्यांचे चेहरे कधी पाहिले नव्हते, फक्त अक्षर ओळखायचो.

क्लासचे मालक सिंधी होते. त्यांना सगळे साईं म्हणत. सज्जन माणूस. गणित, इंग्रजी, विज्ञान या विषयांना त्यांनी चांगले शिक्षक लावले होते, आणि 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' या विषयाला हे सर. बाहेरून बसणाऱ्या मुलांना त्या विषयाच्या मार्कांचा बोर्डात काही उपयोग नव्हता. साईंचं म्हणणं एवढंच, की कोर्स पूरा दिसला पाहिजे. शेरा आमच्याच क्लासच्या प्रगतिपत्रकावर जायचा, तोही सगळ्यांत खालच्या ओळीत.

सर त्याआधी अंबरनाथच्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते. ती नोकरी का सोडली, यावर आमच्याकडे निरनिराळे तर्क चालत. एकदा मी सरळच विचारलं. ते म्हणाले, "तिथलं मैदान फार मोठं होतं." मी वाट पाहिली, पण पुढे काही आलं नाही.

दिसायला पीटीच्या मास्तरांसारखे मुळीच नव्हते. काटकुळे, किंचित पोक आलेले, खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजताना मी कधी ऐकली नाही. मला ते 'पोरी' म्हणत आणि साईंना 'मालक'. साईंना ते आवडत नसे. "अरे सर, मालक मत बोलो ना, अच्छा नहीं लगता," असं ते म्हणायचे, आणि सर म्हणायचे, "बरं मालक."

त्यांची धडा सांगायची तऱ्हा अशी. मी टाइपरायटरवर स्टेन्सिल चढवून बसायची आणि सर खोलीच्या मधोमध उभे राहून तो व्यायाम करत करत मजकूर सांगायचे. "हात वर घ्या आणि हळूहळू खाली वाकत" इथपर्यंत आलं की थांबायचे. मी विचारायची, "पुढे?"

"पूर्णविराम."

"वाक्य पुरं नाही झालं, सर."

"मला दम लागला ना? मग पूर्णविराम. पोरांनाही तिथेच लागेल."

त्यामुळे त्यांच्या धड्यांत वाक्यं कुठेही तुटलेली असत. मराठीचे शिक्षक ते वाचून कपाळाला हात लावत. मी सुरुवातीला गुपचूप वाक्यं पुरी करून टाकायची. एकदा त्यांच्या लक्षात आलं तेव्हा रागावले नाहीत, फक्त मला म्हणाले, "आता तू लिहिलंयस तसं करून दाखव." मी करायला गेले, आणि माझ्या व्याकरणशुद्ध वाक्याच्या मध्यावर मला धाप लागली.

जमिनीवर त्यांनी खडूने एक चौकट आखून ठेवली होती. चार फूट रुंद, सहा फूट लांब. म्हणायचे, "आपल्या पोरांचं मैदान एवढंच. कॉट, शेगडी, पाण्याचं पिंप आणि झोपलेली आजी सोडून जेवढं उरतं तेवढं." प्रत्येक व्यायाम आधी त्या चौकटीत करून बघायचा, आणि बहुतेक वेळा तो मी करायचा, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. खाली सायकलवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की भिंतीवर टांगलेले पाने खुळखुळले तर ओरड. उडी मारली की खालून आवाज यायचा, "ओ सर, हिलतंय!" की तो व्यायाम रद्द. खालच्या मजल्यावरचे शेजारी भांडायला येतील असा व्यायाम कुठली मुलगी करेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं पटायचं. पण वीस वर्षांच्या मुलीला ऑफिसात दिवसभर वाकायला लावणं बरं दिसतं का, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. मला रोज पडायचा, आणि तरी मी दुसऱ्या दिवशी ओढणी बांधायची. का, ते मला सांगता येत नाही.

आहाराचा जुना धडा छापील होता. रोज एक पेला दूध, एक अंडं, हंगामी फळ, पालेभाजी. खाली प्रश्न: 'तुमचा दिवसाचा आहार लिहा.' मुलं तोच मजकूर उतरवून पाठवायची. पापड लाटणाऱ्या मुलीच्या उत्तरपत्रिकेवर हळदीचं बोट उमटलेलं आणि मजकूर मात्र 'सकाळी एक सफरचंद'. सर कागद नाकाजवळ नेऊन वास घेत. "हा रॉकेलच्या स्टोव्हजवळ बसून लिहिलाय. हा सुकटीच्या डब्यावर ठेवून. आणि हिच्या घरी सफरचंद?"

एक दिवस त्यांनी तो धडा रद्द केला आणि सगळ्यांना एका ओळीचं पत्र पाठवायला लावलं. 'काल जे खाल्लं ते खरं लिहा. खोटं जेवणाऱ्यास शून्य.'

उत्तरं आली. तांदळाची भाकरी आणि सुकट. तीन वेळा वडापाव. चहा-खारी, चहा-खारी, खिचडी. एका सिंधी मुलीने दाल-पकवान आणि 'मम्मी से झगड़ा, रात को कुछ नहीं' असं हिंदीत लिहिलं होतं. आणि एका मुलीने नुसतं एक वाक्य: 'सगळ्यांचं झाल्यावर जे होतं ते.'

तो कागद सर कितीतरी वेळ हातात धरून खिडकीशी उभे राहिले. मग म्हणाले, "स्टेन्सिल चढव. धड्याचं नाव, शेवटी जेवणाऱ्यांसाठी."

मी त्यांच्याकडे बघितलं. आमच्या घरी आईही शेवटीच जेवायची, आणि मीसुद्धा. त्यावर धडा असू शकतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. धड्यात त्यांनी सांगितलं, की भाजीच्या देठांत, शेंगदाण्यांत, मोड आलेल्या मटकीत काय असतं. सुकट गरिबाची म्हणून लपवायची नाही, अंड्याच्या तोडीची आहे. आणि शेवटी: 'भाजी शिजली की आधी एक वाटी बाजूला काढून झाकून ठेवा. कोणी विचारलं तर सांगा, सरांनी प्रयोगासाठी मागितली आहे.'

पंधरा दिवसांत उल्हासनगरच्या एका मुलीचे वडील क्लासवर येऊन उभे राहिले. "माझ्या घरात कसले प्रयोग चाललेत?"

सर म्हणाले, "भाजीचा. तुमच्या मुलीच्या पोटात जाते का, ते बघतोय."

"म्हणजे आम्ही पोरीला जेवायला देत नाही?"

"ते मला माहीत नाही. म्हणून तर प्रयोग."

साईंनी मध्ये पडून त्या गृहस्थांना चहा पाजून वाटेला लावलं. नंतर सरांना म्हणाले, "सर, बच्चा लोग को पास होना है. तुम उनके घर में क्यूं घुसता है?"

"मी कुठे घुसतो, मालक? मी तर टपाल पाठवतो."

आता त्या गोष्टीकडे यायला हवं, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

बदलापूरजवळच्या सोनिवलीची एक मुलगी आमच्या यादीत होती. सुगंधा. सोळा वर्षांची, अक्षर टपोरं, सगळ्या विषयांत पुढे. सरांच्या विषयात तर पहिली. रोजच्या व्यायामाच्या तक्त्यात ती लिहायची, 'धावणे. घरापासून नदीपर्यंत व परत.' पावसाळ्यात लिहायची, 'चिखल होता, तरी गेले.' सर तांबड्या शाईने 'शाब्बास' लिहायचे. तो शेरा त्यांच्याकडून फार कोणाला मिळत नसे.

त्या वर्षी त्यांनी नवीन टूम काढली. प्रत्येकाने खाकी कागदावर उभं राहून आपल्या दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद पाठवायचा. पाऊल सपाट आहे का, बोटं दबली आहेत का, ते बघून कोणाला कुठला व्यायाम द्यायचा हे ठरणार होतं. आमच्या ऑफिसात पावलांचा ढीग लागला. सुगंधाच्या पाकिटात एकच पाऊल होतं, उजवं. सरांनी लिहिलं, 'दुसरं पाठव.' दुसरं आलं. मी ते फायलीत लावलंही. चार दिवसांनी सरांनी दोन्ही कागद काढले, एक उलटा करून एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेवर धरले.

"पोरी, इकडे ये. काय दिसतं?"

"पावलं."

"नीट बघ."

मी बघितलं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. डाव्यातही तेच, अगदी तिथेच. उजव्या पावलाचा कागद उलटा करून गिरवून डावं काढलं होतं.

"आळस केला असेल," मी म्हटलं.

"जी चिखलातून नदीपर्यंत पळते ती पाय कागदावर ठेवायचा आळस करेल?"

त्याच शनिवारी ते मला घेऊन निघाले. 'मुलीच्या घरी जायचं तर सोबत बाई पाहिजे' म्हणाले. ही समज त्यांना आहे याचंच मला नवल वाटलं. बदलापूरला उतरून टांगा केला आणि विचारत विचारत घरी पोचलो. अंगणात तिची आई भात पाखडत होती. क्लासचे सर म्हटल्यावर ती गडबडली. "या, बसा. पोरीचं काय चुकलं का सर? ती रात-दीस पुस्तकातच असते."

सुगंधा ओट्यावर बसली होती. मांडीवर पाट, पाटावर आमचाच धडा. तिने आम्हाला बघून उठायचा प्रयत्न केला नाही. डावा पाय परकराखाली होता, तरी तो बारीक आहे आणि गुडघ्यापासून लुळा पडलाय हे कळत होतं. भिंतीला टेकून काठी ठेवलेली होती.

"लहानपणी ताप आला," आई म्हणाली. "पोलिओ सांगितला डाक्टरनं. सातवीपर्यंत भाऊ सायकलवर न्यायचा. मग तो कामाला लागला, न् शाला सुटली."

सरांनी काठीकडे बघितलं. मीही. शेवटी सुगंधाच बोलली.

"तुमच्या धड्यातलं पयलं वाक्य काय असतं, सर?"

"सरळ उभे राहा."

"हां. सगळ्या धड्यांचं तेच असतं. मग पुढचं मी काय करू?"

"मला कळवायचंस," सर म्हणाले.

"कळवून काय झालं असतं? तुमी म्हटलं असतं, तू हा विषय सोड. मला कंचाच विषय सोडायचा नाय."

"म्हणून पळालीस?"

"कागदावर सगळेच पळतात. तुमी कुठं बघाय येताय?"

"आलो ना," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आईने केलेला चहा आम्ही प्यायलो. परत निघालो. अंबरनाथला गाडी थांबल्यावर मी उतरले, ते बसूनच राहिले. त्यांचं घरही अंबरनाथलाच होतं.

पुढचे तीन आठवडे ऑफिसात जे चाललं ते बघून आम्हाला खरोखरच काळजी वाटायला लागली. सर खुर्चीवर बसेनात, उभे राहीनात. खडूच्या चौकटीत जमिनीवर बसून, डावा पाय धोतराच्या पट्टीने बांधून, नुसत्या हातांवर सरकत राहायचे. कपाटातली फाईल हवी असली तरी तसेच सरकत जायचे. वरच्या खणातली मिळत नसे, तेव्हा माझ्याकडे मागायचे नाहीत, खालून बघत बसायचे. साईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर को क्या हुआ? घर पे कोई है क्या इनका?" मला माहीत नव्हतं. तीन वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

मग एका सकाळी त्यांनी स्टेन्सिल चढवायला सांगितलं. सगळे धडे पहिल्यापासून. प्रत्येक व्यायाम बसून करायचा, ज्यांना जमेल त्यांनी पुढे उभ्याने करायचा. पाण्याची कळशी उचलून दंड, भिंतीला टेकून पाठ, जात्याच्या खुंट्याला दोरी बांधून खांदे. पहिलं वाक्य बदललं. 'जसे बसला असाल तसे बसा.' हे धडे फक्त सुगंधाला नाही, यादीतल्या सगळ्यांना गेले. जीन्स शिवणाऱ्या एका मुलाने लिहून कळवलं, की मशिनवर बसल्या बसल्या करता येतो असा व्यायाम त्याला पहिल्यांदाच मिळाला.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. चुकले ते कबूल केलं, सुधारलं, झालं.

वर्षअखेरीला प्रगतिपत्रकं भरायला घेतली. त्या सुमाराला सुगंधाचं माझ्या नावाने पत्र आलं होतं. 'ताई, बाबा म्हणतात सगळ्या ओळींत पास असेल तरच सतरा नंबरचा फॉर्म भरू. नाहीतर बास. त्यांना वाचता येत नाही, पण तांबडी शाई ओळखतात. तेवढं बघा.' मी निर्धास्त होते. गणित, विज्ञान, इंग्रजी सगळ्यांत ती उत्तम होती. शेवटच्या ओळीत सरांनी तांबड्या शाईने लिहिलं, 'नापास.'

मी पत्रक घेऊन त्यांच्यासमोर गेले. "सर, हे चुकून झालंय."

"नाही."

"पण का?"

"वर्षभर खोटं लिहिलं."

"तुमचे धडेच तसे होते म्हणून लिहिलं. तुम्हीच तर ते बदललेत."

"धडे माझे. उत्तरं तिची."

मी तिचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. बाबांची अट, तांबडी शाई, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाठव."

"सर, तिचं वर्ष जाईल. कदाचित दहावीच जाईल."

"पाठव, पोरी."

दोन दिवस ते पत्रक माझ्या खणात पडून होतं. मी साईंना सांगू शकले असते. काळ्या शाईचं दुसरं पत्रक भरणं मला पाच मिनिटांचं काम होतं, सरांची सही तर मी रोज बघत होते. मी दर तासाला खण उघडायची आणि मिटायची. ते दुष्ट आहेत असं मला वाटत नव्हतं, तेच तर अवघड होतं. जो माणूस तीन आठवडे जमिनीवर सरकत फिरतो त्याला या मुलीचं काहीच वाटत नाही, असं कसं म्हणायचं? त्यांना काहीतरी कळत असेल जे मला कळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी पाकीट पेटीत टाकलं.

आठवड्याने, दुपारी, जिन्यात काठीचा आवाज आला. आमचा जिना लाकडी आणि शिडीसारखा उभा होता. एक ठोका, मग घसटल्याचा आवाज, मग कितीतरी वेळ काही नाही. मी दारापाशी धावले. खाली सुगंधा होती, एकटी, कठड्याला लोंबकळत.

"थांब, मी येते," मी म्हटलं.

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की सायकलवाला बाहेर आला.

मी मागे वळून बघितलं. सर खुर्चीतून उठले होते आणि भिंतीकडे तोंड करून उभे होते. ती वर येईपर्यंत तसेच उभे राहिले.

ती आली. घामाने निथळत होती. तिने पत्रक टेबलावर ठेवलं.

"मला नापास केलंत?"

"हो," सर वळून म्हणाले.

"पळाले नाय न् लिवलं, म्हणून?"

"हो."

"न् तुमी न बघता मला वर्षभर शाब्बास लिवलंत, ते काय?"

सरांनी पत्रक उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"ते खोटं नाय? सांगा की."

"खोटंच."

"मग तुमीबी नापास."

"हो," सर म्हणाले. मग घाईघाईने म्हणाले, "आज घरून इथवर कशी आलीस, ते लिहून दे. टांगा, गाडी, जिना, सगळं. मी आत्ता शेरा बदलतो."

सुगंधाने त्यांच्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

"नाय लिवणार. मी इथं कवायत दाखवाय आले नाय. बाबांनी फॉर्म नाय म्हणून सांगितलं, म्हणून आले. आई रडतेय. मला तुमचे मार्क नकोत. तुमी बाबांना पत्र द्या, की चूक तुमची होती."

मग सरांनी कागद ओढला आणि उभ्या उभ्या लिहिलं. मला टाइप करायला दिलं नाही. मी नंतर ते वाचलं, कारण तिनेच मला दाखवलं. 'आपल्या मुलीने अभ्यासात कसूर केलेली नाही. मी तिला न बघता शिकवले. नापास मी आहे, ती नाही. कृपया फॉर्म भरावा.' खाली सही. सगळं तांबड्या शाईत, कारण त्यांच्या खिशात दुसरं पेन नव्हतं. ते बघून सुगंधा म्हणाली, "काळ्यानं लिवा." माझं पेन घेऊन त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं.

तिला पाणी दिलं, तर घेतलं. खाली उतरताना माझा हातही घेतला. सरांना नमस्कार केला नाही.

फॉर्म भरला गेला. तिच्या भावाने ते पत्र बाबांना तीनदा वाचून दाखवलं म्हणे. मास्तर स्वतःला नापास म्हणतो, असा मास्तर त्यांनी पाहिला नव्हता. तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी अंगठा उठवला. सुगंधा बदलापूरच्या केंद्रावर बसली आणि पहिल्या वर्गात आली.

निकाल लागला त्या दिवशी मी धीर करून सरांना विचारलं. "सर, ती येईल हे तुम्हाला माहीत होतं ना? म्हणूनच तसं केलंत?"

सर बुटांना खडू लावत होते. हात थांबला. "नाही गं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, तू ते पत्रक पाठवणार नाहीस."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते थट्टा कधीच करत नसत.

"पण तुम्हीच दोनदा म्हणालात, पाठव."

"म्हणालो." मग पुन्हा खडू लावत, "मला खोट्याला पास म्हणता येत नव्हतं. तुला येईल असं वाटलं."

पुढच्या महिन्यात ते क्लास सोडून गेले. साईंनी थांबवायचा खूप प्रयत्न केला. कुठे गेले ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. त्यांचे धडे मात्र क्लास बंद होईपर्यंत तसेच जात राहिले, तुटक्या वाक्यांसकट.

नव्वदनंतर कधीतरी, माझं लग्न होऊन मी बदलापूरला राहायला आले होते, तेव्हा धाकट्या मुलीला बालवाडीत घालायला गेले आणि तिथे टेबलामागे सुगंधा बसलेली. तिने मला आवाजावरून ओळखलं. मुलीचं नाव घालून झाल्यावर आम्ही बोलत बसलो. सरांचा विषय निघाला.

"मला आवडले नाहीत ते कधीच," ती म्हणाली. तिची बोली आता बरीच बदलली होती. "लोक सांगतात ना, सरांमुळे मी घडले वगैरे. मला तसं नाही वाटत. तो जिना मला अजून आठवतो, आणि अजून राग येतो. पण त्यांचे खांद्याचे व्यायाम मी रोज करते. इथल्या पोरांकडूनही करून घेते, बसूनच." ती हसली. "आता याचं काय करायचं, सांगा."

मला त्या हसण्याने धीर आला असावा. इतकी वर्षं कोणालाच न सांगितलेलं मी तिला सांगितलं. सर काय म्हणाले होते ते, बुटांना खडू लावताना. ते पत्रक मी पाठवणार नाही असं त्यांनी धरलं होतं, हे.

सुगंधा हसायची थांबली. शेजारच्या खोलीत मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती. तिने रजिस्टर मिटलं.

"मग तुम्ही का पाठवलंत, ताई?" तिने विचारलं. रागाने नाही, अगदी साधं.

"सरांनी सांगितलं म्हणून," असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि ते वाक्य मला पुरं करता येईना. ती टेबलावर हात ठेवून, माझ्याकडे बघत, उत्तराची वाट पाहत बसली होती.